कोरी जीन्स, पहिलं पाणी आणि गाडीवरची बैठक

आजचा विषय कपड्याचा आहे, पण सुरुवात एका दुरुस्तीपासून करतो. दीड-दोन वर्षांपूर्वी याच मालिकेत लांबच्या राईडच्या तयारीबद्दल बोलताना मी सहज म्हणून गेलो होतो, की चांगली जाड जीन्स असेल तर पायांसाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. ते चूक होतं. किती चूक होतं ते मला माझ्याच उजव्या गुडघ्यानं दाखवलं. त्यानंतर काही महिन्यांनी एका पेट्रोल पंपावर एक मुलगा ओळख काढून भेटला आणि उत्साहानं म्हणाला, "दादा, तुमचं ऐकून मी नी-गार्डचे पैसे वाचवले आणि जीन्सच घेतली." तो धडधाकट होता, हसत होता. मला मात्र त्याच्याशी नीट बोलता येईना. म्हणून हा भाग. जीन्सबद्दलच बोलू, मनापासून बोलू, कारण मला ती आवडते. पण तिच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, तेही बोलू.

आधी शब्द. इंग्रजीत ज्याला 'रॉ डेनिम' म्हणतात त्याला आपल्याकडे शोधून शब्द काढायची गरजच नाही. कोरं कापड. दुकानातून आलं, अजून पाणी लागलेलं नाही, खळ तशीच आहे, ते कोरं. आपण दुकानात बघतो त्या बहुतेक जीन्स शिवून झाल्यावर कारखान्यात धुतलेल्या असतात. दगडांबरोबर घुसळलेल्या, घासलेल्या, एन्झाइमनं मऊ केलेल्या. कोरी जीन्स शिवून झाली की तशीच बाहेर येते. गडद निळी, पुठ्ठ्यासारखी ताठ. रात्री काढून ठेवली तर कोपऱ्यात उभी राहते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता कोरं कापड म्हटलं की आपल्या आयांना पुढचं सांगावं लागत नाही. माझी आई ब्लाउजचं अस्तर शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर बादलीत भिजवून ठेवायची. मांजरपाट तर विचारायलाच नको, पहिल्या पाण्यात तो आटणारच. हेच ज्ञान घेऊन मी पहिली कोरी जीन्स विकत घ्यायला हवी होती. मी ती ऑनलाइन घेतली, कंबर ३२ बघून, कारण मी ३२ घालतो. आली तेव्हा छान बसली. भिजवली, वाळवली, घातली. कंबरेचं बटण काजापर्यंत पोचेना आणि पाय घोट्याच्या वर. ती आता माझ्या भाच्याकडे आहे. त्याच्यावर फार छान दिसते.

कापड आटतं का, हे एकदा समजून घेतलं की मापाचा अर्धा गोंधळ संपतो. मागावर विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, जबरदस्त ताणून धरलेले असतात. आडवा धागा, बाणा, त्यांच्यामधून ये-जा करतो. डेनिममध्ये बाणा साधारण तीन ताण्यांच्या खालून आणि एकाच्या वरून जातो, म्हणून वरच्या अंगाला निळा ताणा दिसतो आणि आतल्या अंगाला पांढरा बाणा. रंगवलेला असतो फक्त ताणा. या ताणलेल्या अवस्थेतच कापड खळीनं कडक होऊन बसतं. त्याला पाणी लागलं की दोन गोष्टी होतात. एक, ताण सुटतो आणि धागे आपल्या मूळ लांबीकडे जाऊ बघतात. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. कापसाचा तंतू पाणी पिऊन फुगतो, धागा जाड होतो. आता जाड झालेल्या धाग्याला वळसा घालून जायचं तर दुसऱ्या धाग्याला वाट जास्त लांब पडते. पण त्याची स्वतःची लांबी तर तेवढीच आहे. मग काय होणार? कापडच जवळ येतं. वाळल्यावर तंतू पुन्हा बारीक होतो, पण जवळ आलेली वीण आपणहून लांब जात नाही.

ताणा उभा असतो आणि जीन्सच्या पायाची लांबी त्याच दिशेनं कापलेली असते. त्यामुळे आटण्याचा मुख्य फटका लांबीला बसतो. कसलीही प्रक्रिया न केलेलं डेनिम लांबीला ढोबळमानानं आठ ते दहा टक्के आटतं, रुंदीला त्याहून बरंच कमी. कंबर मात्र फसवते. सरळ कमरपट्टा बहुधा कापडाच्या उभ्या दिशेनं कापून आडवा लावलेला असतो, म्हणून मांडीचा घेर थोडा आटला तरी कमरपट्टा चांगलाच आवळतो. फरक इतकाच, की कंबरेवर रोज ताण पडतो, त्यामुळे पंधरा दिवसांत ती बऱ्यापैकी सैल होऊन परत येते. लांबी परत येत नाही. पायाला खालून कोण ओढणार?

म्हणून निर्णय घेताना कंबरेला थोडी जोखीम चालते, लांबीला अजिबात नाही.

इथे एक घोळ दूर करतो, कारण विकणारेही तो करतात. 'कोरी' म्हणजे 'आटणारी' असं नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लूएट यांनी एक यंत्र बसवलं. त्यात कापड वाफेनं ओलसर करून एका जाड रबरी पट्ट्यावर टाकतात. पट्टा रुळावरून वळताना बाहेरच्या बाजूनं ताणला जातो आणि पुढे सरळ होताना आखडतो. आखडताना त्याला चिकटलेलं कापडही आपल्याबरोबर दाबून आखूड करतो. मग तापलेल्या रुळावर ते तसंच वाळवून पक्कं करतात. म्हणजे आईनं बादलीत केलं ते काम गिरणीनंच उरकलं. त्यांच्या सॅनफर्ड या नावावरून त्याला सॅनफोरायझिंग म्हणतात. असं कापड पुढे एक ते तीन टक्केच आटतं. तर जीन्स कोरी असू शकते आणि सॅनफोराइज्डही. घेताना एकच प्रश्न विचारा: सॅनफोराइज्ड आहे की नाही? दुकानदार 'सेल्व्हेज आहे साहेब' असं उत्तर देत असेल तर त्यानं तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. सेल्व्हेज म्हणजे धोट्याच्या जुन्या अरुंद मागावर विणताना कापडाला आपोआप तयार होणारी बंद किनार. त्या मागावरचं कापड जेमतेम तीस इंच रुंद निघतं, वेळ जास्त लागतो, म्हणून महाग. किनार सुंदर असते, पाय दुमडला की ती लाल रेघ दिसते. पण कापड किती आटेल किंवा किती टिकेल हे ती रेघ सांगत नाही.

हिशेब कसा करायचा? पट्टीवरचा ३२ विसरा. ३२ लिहिलेल्या जीन्सची कंबर टेपनं ३४ भरते, हे मी कितीतरी वेळा मोजलं आहे. तुमची सगळ्यात छान बसणारी जुनी पॅंट जमिनीवर सपाट पसरा आणि कंबर, पुढचा आणि मागचा राईज, मांडी, गुडघा, बॉटम आणि आतली लांबी लिहून ठेवा. राईज म्हणजे दोन पायांच्या सांध्यापासून कमरपट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. मग विकणाऱ्याकडून त्या जीन्सची टेपनं घेतलेली मापं मागवा. न आटवलेल्या कापडाला लांबीचा हिशेब असा: हवी असलेली शेवटची लांबी भागिले ०.९२. मला आटल्यावर ३३ इंच हवी असेल तर ३३ भागिले ०.९२, म्हणजे जवळजवळ ३६. म्हणूनच लिव्हाईजची न आटवलेली ५०१ घेणाऱ्यांना कंबरेला साधारण एक आणि लांबीला तीन इंच जास्त घ्या असं सांगितलं जातं. तो तीनचा आकडा मला आधी अतिशयोक्ती वाटायचा.

भिजवण्याची पद्धत: उलटी करायची, बटणं लावायची, अंगाला सोसेल त्याहून थोडं गरम पाणी, साबण नको. जीन्स तरंगते, कारण खळ आणि आत अडकलेली हवा. वर एखादा भरलेला तांब्या ठेवा. तासाभरानं काढा, पिळू नका, सावलीत कंबरेकडून टांगा. पाणी निळं होईल, घाबरू नका. विदेशी जाहिरातींत लोक जीन्स घालून बाथटबमध्ये बसायचे आणि अंगावरच वाळवायचे. आपल्याकडे टब नाही, बादली आहे, आणि बादलीत बसायचं वय गेलं. एका पाण्यात सगळं आटत नाही; बहुतेक पहिल्यात, उरलेलं पुढच्या दोन-तीन धुण्यांत. म्हणून पाय कापून शिवायची घाई करू नका. माझ्या ओळखीच्या एकानं जीन्स आल्या दिवशी शिंप्याकडे नेऊन बरोब्बर टाचेपर्यंत करून आणली. पुढचं तुम्ही ओळखलंच.

आता गाडी.

उभं राहून आरशासमोर बघितलेली जीन्स आणि गाडीवर बसलेली जीन्स ही दोन वेगळी कापडं आहेत असं समजा. गुडघा वाकला की पायाचं कापड वर ओढलं जातं. माझ्या बुलेटवर बसल्यावर खालची कड अडीच इंच वर जाते. पाय मागे असलेल्या स्पोर्ट्स गाडीवर आणखी जास्त. कड वर गेली की घोटा आणि पिंढरीचा खालचा भाग उघडा पडतो. बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे आहे आणि उजव्या पिंढरीवर त्याची सही असलेले रायडर तुम्हालाही माहीत असतील. त्यामुळे मी लांबी मोजतो ती गाडीवर बसून. गाडी मधल्या स्टँडवर, पाय फूटपेगवर, आणि घरातल्या कुणाला तरी टेप धरायला सांगायचं. बूट घालून. बसलेल्या अवस्थेत कड घोट्याच्या हाडाखाली राहिली पाहिजे. ती जीन्स उभं राहिल्यावर थोडी लांब वाटेल, खाली दुमडा. दुमड घालायची रीत काही फॅशनवाल्यांनी काढलेली नाही. पूर्वीच्या कामगारांनी आटण्यासाठी राखलेली ती लांबी होती.

दुसरं, मागचा राईज. पुढे झुकून बसलं की पाठीमागून कंबर खाली सरकते आणि टी-शर्ट वर. सिग्नलला मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसतं. लो-वेस्ट जीन्स गाडीसाठी नाहीत, एवढंच म्हणतो. मागचा राईज पुढच्यापेक्षा चार इंच तरी जास्त असलेला कट शोधा. आणि मांडीला जागा हवी. अगदी घट्ट कोरी जीन्स घालून पाय टाकून बसायला गेलं, की सगळा ताण येतो तो सांध्यावर, जिथे चार शिवणी एकत्र येतात. तिथेच ती फाटते. सायकलवाल्यांचं तर हे नेहमीचं रडगाणं, कारण त्यांचं सॅडल त्याच जागी सतत घासतं.

मागच्या खिशांचे तांब्याचे रिवेटही याच कथेतले. नेवाडातल्या रेनो गावचा जेकब डेव्हिस नावाचा शिंपी कामगारांच्या फाटणाऱ्या खिशांना रिवेट ठोकायचा; लिव्हाय स्ट्रॉसबरोबर त्यानं त्याचं पेटंट घेतलं, २० मे १८७३ ला. मजबुती आली, पण ते रिवेट घोड्यांची खोगिरं आणि घरातल्या खुर्च्या ओरखडायला लागले. शेवटी १९३७ मध्ये कंपनीनं मागच्या खिशांचे रिवेट कापडाखाली झाकले. घोड्याच्या जागी गाडी आली तरी तक्रार तीच आहे. शिवाय नीळ. इंडिगो पाण्यात विरघळत नाही आणि धाग्याच्या गाभ्यात शिरत नाही, वरवर बसतो. म्हणूनच जीन्स सुंदर विटते, आणि म्हणूनच ती नवी असताना घासेल तिथे निळं करते. काळ्या सीटवर काही कळत नाही. टॅन रंगाची सीट असेल तर पहिला महिनाभर जुनी पॅंट घाला. मी घातली नाही, आणि आता माझी सीट टॅन म्हणवत नाही.

रायडरची जीन्स विटते पण वेगळी. मांडीच्या सांध्यात खोल रेषा, गुडघ्यामागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आणि टाकीला घासणारी गुडघ्याची आतली बाजू जवळजवळ पांढरी. हा नकाशा नीट उमटावा म्हणून लोक सहा-सहा महिने जीन्स धुवत नाहीत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं पंधरा महिने न धुता एकच कोरी जीन्स घातली, आणि प्राध्यापक रेचेल मॅक्वीन यांच्याबरोबर तिच्यावरचे जंतू मोजले. नंतर धुऊन तेरा दिवस वापरल्यावर पुन्हा मोजले. आकडे साधारण सारखे आले. हा प्रयोग लोक फार प्रेमानं सांगतात. पण एडमंटनचा घाम आणि चेन्नईचा घाम एक नाही. घामाचं मीठ आणि रस्त्याची धूळ धाग्यांत बसून आतून कापड घासत राहतात, आणि सांध्याची शिवण लवकर जाते. मी उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांनी धुतो. उलटी करून, थंड पाण्यात, हातानं. थोड्या रेषा कमी उमटल्या तर उमटू देत.

जीन्स आणि मोटारसायकल यांचं लग्न कुणी लावलं? चित्रपटांनी, असं म्हणायला हरकत नाही. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटारसायकलवाल्यांच्या जमावानं गोंधळ घातला, त्यावरून १९५३ मध्ये 'द वाइल्ड वन' आला. मार्लन ब्रँडो, चामड्याचं जॅकेट, दुमडलेली जीन्स, ट्रायम्फ. त्या दशकात अमेरिकेतल्या कित्येक शाळांनी जीन्स घालून यायला बंदी केली. बंदी घातली की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

पण ती परंपरा जपली आणि कापडाच्या अंगानं पुढे नेली ती जपाननं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ओसाकाच्या छोट्या कंपन्यांनी, स्टुडिओ डार्टिसान, एव्हिसू, फुलकाउंट, वेअरहाऊस वगैरे, जुन्या अमेरिकी जीन्स उसवून, धागा न् धागा बघून पुन्हा विणायला घेतल्या. त्याच काळात टोकियोच्या हाराजुकू भागातल्या गल्ल्यांत स्ट्रीटवेअर उभं राहत होतं. १९९३ मध्ये निगोचं बेदिंग एप, आणि १९९४ मध्ये शिन्सुके ताकिझावा यांचं नेबरहूड. नेबरहूड माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ताकिझावा स्वतः मोटारसायकलवाले. त्यांच्या कपड्यांत गाडीचं वातावरण आहे: कडक गडद जीन्स, लष्करी शर्ट, चामडं. आज आपल्याकडे मुंबई, दिल्ली, बंगळूरमधली मुलं जे 'ड्रॉप' लावून विकतात, त्यातलं गाडीचं वेड बरंचसं तिथून झिरपत आलेलं आहे.

आणि मग आयर्न हार्ट. शिनिची हाराकी या हार्ले चालवणाऱ्या माणसानं २००३ मध्ये ही कंपनी काढली, ती मुळात मोटारसायकलवाल्यांसाठीच. तिची ओळख म्हणजे २१ औंसाचं डेनिम. औंस म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं वजन. आपल्या नेहमीच्या जीन्स बारा-चौदा औंसांच्या. चौदा म्हणजे चौरस मीटरला पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास. एकवीस म्हणजे सातशेच्या वर. जवळजवळ तंबूचं कापड. एक गोष्ट मला त्यांची फार आवडते: कापड सॅनफोराइज्ड असतं, आणि शिवण्याचा दोरा निव्वळ कापसाचा नाही, पॉलिस्टर मिसळलेला असतो. जुन्याची हुबेहूब नक्कल करणारे कापसाचाच दोरा वापरतात, आणि तो पावसानं, घामानं आधी कुजतो. कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, अशी जीन्स गाडीवर काय कामाची? मात्र मे महिन्यात नागपुरात २१ औंस घालून फिरायचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही. लेहमधली सकाळ असेल तर गोष्ट वेगळी.

आपला या कापडाशी संबंध नवा नाही. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द मुंबईतल्या डोंगरीवरून गेला, तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून. सतराव्या शतकापासून तो इंग्रजीत आहे. आणि आज अहमदाबादच्या अरविंदसारख्या गिरण्या साध्या डेनिमबरोबर सेल्व्हेजही विणतात. तेव्हा चांगलं कोरं डेनिम हवं असेल तर जपानचं आयात शुल्क भरायलाच हवं असं नाही.

स्ट्रीटवेअरबद्दल एक सावधगिरी. सध्या घेरदार, सैल पायांची लाट आहे. रस्त्यावर चालताना ती मलाही आवडते. गाडीवर मात्र रुंद बॉटम किक-लिव्हरमध्ये, फूटपेगमध्ये, उघड्या चेनमध्ये अडकतो. सिग्नलला गाडी थांबली, तुम्ही पाय खाली टाकायला गेलात आणि कापड पेगवर अडकलं, की गाडी उभ्या-उभ्या आडवी. तसा पडलेला मी पाहिला आहे. दुखापत नाही, पण शंभर लोक बघत होते. सायकलवाले उजवा पाय दुमडतात किंवा क्लिप लावतात, तसं काहीतरी करा.

आता माझा गुडघा. बंगळूरहून हंपीला निघालो होतो, चित्रदुर्ग मागे टाकलं होतं. चहाच्या टपरीवरून रस्त्यावर चढताना बारीक खडी पसरलेली होती. वेग तिसाच्या आसपास, जास्त नाही. पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या अंगावर पडून दोन-तीन मीटर घसरलो. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज सगळं होतं. पायात माझी लाडकी चौदा औंसाची जीन्स, दोन वर्षं जपून विटवलेली. उठून बघितलं तर गुडघ्यावर पुरीएवढं भोक, कडा जळल्यासारख्या, आणि आत मी. होसपेटच्या दवाखान्यात नर्सबाई चिमट्यानं खडी काढत होत्या आणि म्हणत होत्या, "एवढी जाड पॅंट होती, तरी?"

तेच मलाही विचारायचं होतं. उत्तर असं आहे. कापूस घासायला मजबूत वाटतो, कारण आपण त्याची तुलना सुती शर्टाशी करतो. डांबर हे सॅंडपेपरसारखं आहे आणि त्यावर तुमचं सगळं वजन दाबलेलं असतं. मोटारसायकलच्या कपड्यांच्या घर्षण चाचण्यांत साधं डेनिम साधारण एका सेकंदाच्या आतबाहेर फाटतं. २१ औंसाचं त्याहून जास्त टिकेल, पण काही पटींनी नाही. आणि घर्षण हा निम्माच भाग. पडल्यावर गुडघा आधी आपटतो, मग घासतो. आपटण्याचा मार कापड कितीही जाड असलं तरी शोषत नाही. त्याला पॅडच लागतं.

म्हणून रायडिंगच्या जीन्स वेगळ्या असतात. त्यांत एकतर आतून ॲरॅमिडचा थर असतो. केवलार हे त्याचंच एक व्यापारी नाव, १९६५ मध्ये ड्यूपॉंटच्या स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेलं. किंवा मग मजबूत कृत्रिम तंतू कापडातच विणलेले असतात. बघायचं ते लेबल. युरोपचं एक मानक आहे, ईएन १७०९२. त्यात कपड्याला एएए, एए किंवा ए असा दर्जा मिळतो. सगळ्यात जास्त मार बसणाऱ्या भागांची घर्षण चाचणी 'ए'ला ४५, 'एए'ला ७० आणि 'एएए'ला १२० किलोमीटर वेगाच्या हिशेबानं होते. शिवणीची ताकदही तपासतात, आणि या तिन्ही दर्जांत गुडघ्याचं पॅड सक्तीचं. 'बी' असं दिसलं तर समजा घर्षणाची चाचणी झाली आहे, पण पॅड नाही. पॅडवर वेगळा आकडा असतो, ईएन १६२१-१, पातळी एक किंवा दोन. दोन जास्त चांगली. नुसतं 'केवलार जीन्स' असं छापलेलं आणि दर्जाचं लेबल नसलेलं असेल, तर ते छापलेलं आहे एवढंच मानतो.

या रायडिंग जीन्स बहुतेक आधीच धुतलेल्या, कधी थोड्या ताणणाऱ्या असतात. कोरेपणाची मजा त्यांत नाही, मान्य. मी दोन्ही ठेवल्या आहेत. शहरात पायी, ऑफिसात, गप्पांत कोरी; शहराबाहेर निघालो की दर्जाची. ज्यांना दोन्ही हौशी एकाच वेळी भागवायच्या आहेत त्यांच्यासाठी तिसरा मार्ग: पट्ट्यांनी बांधायचे वेगळे नी-गार्ड, जीन्सच्या आतून. मी महिनाभर हे करून पाहिलं. यासाठी जीन्स घेतानाच गुडघ्याला दीड-दोन इंच जास्त घेर धरा, तोही आटल्यानंतरचा. आणि पट्टे गुडघ्याच्या वर आणि खाली दोन्ही ठिकाणी हवेत, नाहीतर पडताना गार्ड फिरतं आणि गुडघा उघडाच राहतो. घर्षणाचा प्रश्न यानं पूर्ण सुटत नाही, मांडी आणि नितंब तसेच उघडे राहतात. आपटण्याचा बराचसा सुटतो.

रायडिंग जीन्सचं पॅडही गाडीवर बसून तपासा, दुकानात उभं राहून नाही. उभं असताना गुडघ्यावर असलेलं पॅड बसल्यावर वर सरकून मांडीवर जातं. चांगल्या जीन्समध्ये पॅडच्या खिशाला वरखाली करायला वेल्क्रो असतो. बसून, गुडघा वाकवून, वाटीवर तळहात ठेवून बघा: पॅड वाटी पूर्ण झाकून नडगीच्या सुरुवातीपर्यंत आलं पाहिजे. दुकानदार दुकानाबाहेर गाडीवर बसू देत नसेल तर स्टुलावर बसा.

ती फाटलेली चौदा औंसाची जीन्स मी टाकली नाही. घराजवळ एक रफूवाले चाचा आहेत, त्यांनी आतून जुन्या डेनिमचा तुकडा लावून निळ्या-पांढऱ्या दोऱ्यानं ते भोक भरून दिलं. ऐंशी रुपये घेतले. रफू इतकं सुरेख झालंय की लोक ती कुठल्या ब्रँडची म्हणून विचारतात. तो पेट्रोल पंपावरचा मुलगा हे ऐकत असेल तर त्याला सांगतो, तुझी जीन्स छान होती, पण गार्ड घे, आणि बिल मला पाठव.